मंत्रिमहोदय, आमचे दुसरे गुरुजी परत द्या

माननीय शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचा पट १९ वर आला आणि गेल्या महिन्यात दुसरे गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरून गेले. १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय म्हणे असेच सांगतो. जोडीला सेवानिवृत्त शिक्षक मिळायचे होते. ते अजून वाटेतच असावेत. शिक्षण हक्क कायदा मात्र साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगतो. कायदा मोठा की शासन निर्णय, हे आपणच ठरवावे.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणामागून खडू-फळा मोहीम आली, तेव्हा याच शाळेला दुसरी खोली आणि दुसरे गुरुजी मिळाले. त्यांच्याच हाताखाली मी वाचायला शिकलो. २०२० च्या धोरणाने तिसरीपर्यंतच्या वाचनाला आणि अंकज्ञानाला सर्वांत वरचे प्राधान्य दिले, आणि माझी मुलगी तिसरीत असतानाच तिचे गुरुजी काढून नेले. आता चारही वर्ग एका खोलीत बसतात. उरलेले गुरुजी माहिती भरण्यासाठी रेंज शोधत निंबाखाली उभे असतात, तोवर चौथीची पोरे पहिलीला पाढे म्हणायला लावतात.

ज्यांना व्हॅनचे महिन्याला बाराशे रुपये परवडले त्यांनी मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली, म्हणून पट घटला. पट घटला म्हणून गुरुजी गेले. गुरुजी गेले म्हणून उरलेलीही जातील. कापसाच्या या भावात मला ते बाराशे जमत नाहीत आणि त्यावरून घरात रोज वाद होतो. हा वाद आपल्या कोणत्या अहवालात येतो?

मुंबईत मात्र उत्साहाला तोटा नाही. पाठ्यपुस्तकांत कोरी पाने घातली, मग काढली. नापास करणे बंद केले, पुढे पाचवी-आठवीची परीक्षा परत आणली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणली, जूनअखेर ते आदेश मागे घेतले. इथे घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठीच नवी असते, आणि ती हाताला धरून शिकवायला माणूस लागतो, परिपत्रक नव्हे. १९६८, १९८६, २०२०, तिन्ही धोरणांनी शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचे वचन दिले. कोणत्याही पक्षाच्या सरकारने ते पाळले नाही. पैसे वाचवायला बरी सापडली आमचीच शाळा!

महिनाअखेरपर्यंत शिक्षक न आल्यास आम्ही पालक एकोणीसही मुलांची शाळा पंचायत समितीच्या आवारात भरवू. खडू आणि फळा आम्ही आणू. शिक्षक आपण पाठवावा.

आपला,
तिसरीतल्या एका मुलीचा बाप