कर्ज किती, याआधी ते कोणत्या चलनात हे विचारा

महोदय,

एखाद्या विकसनशील देशाने कर्जाचा हप्ता चुकवल्याची बातमी आली की ‘ऋण काढून सण’ हा शेरा ठरलेला. तो अगदीच खोटा नसतो. श्रीलंकेने २०१९च्या अखेरीस करांत मोठी कपात केली, २०२१मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली आणि एप्रिल २०२२मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवली. पहिल्या दोन निर्णयांचे खापर दुसऱ्या कुणावर फोडता येणार नाही. पण असली चूक श्रीमंत देशही करतात आणि निभावून नेतात. गरीब देशाला ती जड जाते, कारण त्याचे कर्ज परक्या चलनात आणि परक्या कायद्याखाली लिहिलेले असते.

साधा हिशेब मांडतो. एका देशाने १०० कोटी डॉलरचे रोखे विकले, म्हणजे बाजारातून तेवढे कर्ज उचलले. मुदत १० वर्षे, व्याज ७ टक्के. त्या दिवशी डॉलरचा भाव तिथल्या चलनात १० आहे. म्हणजे त्या चलनात दरसाल ७० कोटी व्याज आणि शेवटी १,००० कोटी मुद्दल. चलन घसरून डॉलर १५ झाला की व्याज १०५ कोटी होते आणि मुद्दल १,५०० कोटी. तिजोरीत नवी दमडी आलेली नसते. कर्जातून बांधलेला रस्ता किंवा वीजवाहिनी टोल आणि बिल वसूल करते ते तिथल्याच चलनात. तिथून डॉलर येत नाहीत. बरे, चलन घसरते कधी? निर्यात तांब्यावर, कोकोवर किंवा तेलावर उभी असेल आणि त्याचा भाव कोसळला की. डॉलरची आवक आटते नेमकी तेव्हाच डॉलरची देणी फुगतात. दुसरे कारण तर देशाच्या हातातच नसते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर जवळजवळ शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला, तो घरची महागाई आवरण्यासाठी. त्याची झळ ज्यांनी डॉलरमध्ये उसनवारी केली होती त्या सगळ्यांना बसली.

त्यात अशा बहुतेक रोख्यांचे मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत नाही, मुदतीअखेर एकरकमी द्यायचे असते. ते नवे रोखे विकूनच दिले जाते. बाजाराने त्याच सुमारास पाठ फिरवली, की कालपर्यंत ‘सुस्थितीत’ असलेला देश आज बुडीत ठरतो.

पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. परकीय गंगाजळी किमान तीन महिन्यांच्या आयातीपुरती हवी, हा जुना ठोकताळा. ती त्याच्या बरीच खाली गेली की परदेशी बँका त्या देशातल्या बँकांच्या पतपत्रांवर, म्हणजे आयातीचे पैसे देण्याच्या लेखी हमीवर, विश्वास ठेवेनाशा होतात, सगळी रक्कम आगाऊ मागतात. इंधनाचे जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभे असते, पण पैसे पोहोचल्याशिवाय माल उतरत नाही. मग औषधे आणि खतांची पाळी. सरकार आधी भांडवली खर्च कापते, कारण न बांधलेल्या कालव्याची कुणी तक्रार करत नाही. नंतर शिक्षकांच्या आणि परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरणे थांबते. पगार कागदावर तेवढाच राहतो, महागाई तो अर्धा करते आणि प्रशिक्षित परिचारिका परदेशाची वाट धरते. आरोग्य कर्मचाऱ्यांची तीव्र टंचाई असलेल्या ५५ देशांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये जाहीर केली. तिथून मुद्दाम भरती करू नये, असे तिचे सांगणे आहे. पण ते बंधनकारक नाही.

देशातले बचतदारही सुटत नाहीत. घानाने डिसेंबर २०२२मध्ये देशांतर्गत रोख्यांची अदलाबदल, म्हणजे जुन्या रोख्यांच्या जागी कमी व्याजाचे आणि लांब मुदतीचे रोखे देणे, जाहीर केली, तेव्हा आयुष्यभराची पुंजी त्यात गुंतवलेले निवृत्त लोक अर्थ मंत्रालयाच्या दारात निदर्शनाला बसले होते.

आता कायद्याचे. कंपनी बुडाली तर दिवाळखोरीचे न्यायालय आहे, देशासाठी ते नाही. झाम्बियाने नोव्हेंबर २०२०मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला आणि गरीब देशांच्या कर्जाची पुनर्रचना करण्यासाठीच्या जी-२०च्या ‘समान चौकटी’कडे धाव घेतली. सरकारी धनकोंशी, म्हणजे कर्ज देणाऱ्या इतर देशांच्या सरकारांशी, तोडगा निघायला जून २०२३ उजाडले, रोखेधारकांशी २०२४. उशीर का? एका गटाने सूट दिली आणि दुसऱ्याने पूर्ण वसुली केली, तर पहिल्याच्या त्यागातून दुसऱ्याचे खिसे भरतात. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत थांबतो. नोव्हेंबर २०२३मध्ये रोखेधारकांशी जमत आलेला करार सरकारी धनकोंनीच अडवला, तुमची सूट आमच्याएवढी नाही म्हणून. हा मुद्दा वाजवी होता, पण थांबण्याची किंमत मोजली ती झाम्बियाने.

याच फटीत ‘गिधाड फंड’ शिरतात, म्हणजे बुडीत कर्ज स्वस्तात विकत घेऊन पूर्ण वसुलीसाठी कोर्टात जाणाऱ्या कंपन्या. झाम्बियाचे रोमानियाकडचे जुने कर्ज अशाच एका कंपनीने १९९९मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतले आणि ५५० लाखांचा दावा ठोकला. २००७मध्ये लंडनच्या न्यायालयाने सुमारे १५५ लाख मंजूर केले. त्यानंतर ब्रिटनने २०१०मध्ये अतिगरीब कर्जदार देशांच्या जुन्या देण्यांपुरती अशा दाव्यांवर मर्यादा घातली. पण परकीय चलनातले रोखे बहुतेक इंग्लंडच्या नाहीतर न्यूयॉर्कच्या कायद्याखाली लिहिलेले असतात, त्यामुळे एकट्या ब्रिटनने दार लावून भागत नाही.

नाणेनिधीत हे बदलेल, अशी आशा फार धरू नये. तिथे मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे ती एकटीच ते रोखू शकते. ऑगस्ट २०२१मध्ये ६५० अब्ज डॉलरचे विशेष आहरण अधिकार, म्हणजे नाणेनिधीने सदस्य देशांना दिलेली राखीव निधीसारखी मत्ता, वाटले गेले, तेही कोट्याच्या, म्हणजे नाणेनिधीतल्या प्रत्येक देशाच्या हिश्शाच्या प्रमाणात. अख्ख्या आफ्रिकेच्या वाट्याला सुमारे ३३ अब्ज आले.

त्यापेक्षा करारातली कलमे लवकर बदलता येतात. ग्रेनेडा या कॅरिबियन बेटराष्ट्राने २०१५च्या कर्ज-पुनर्रचनेत चक्रीवादळाचे कलम घालून घेतले होते. जुलै २०२४मध्ये बेरिल वादळ आले आणि त्या कलमाच्या आधारे त्याने रोख्यांचे हप्ते पुढे ढकलले. ना थकबाकीचा शिक्का, ना वाटाघाटी. निर्यातमालाचा भाव पडल्यावर लागू होणारे असेच कलम लिहिता येईल. धनको त्यासाठी थोडे जास्त व्याज मागतील, ते घासाघीस करून द्यावे. दुसरे, वेगवेगळ्या वेळी विकलेले सगळे रोखे एकत्र धरून ७५ टक्के धनकोंनी मान्य केलेली पुनर्रचना उरलेल्यांवरही बंधनकारक करणारे सामूहिक कलम २०१४नंतरच्या रोख्यांत रूढ झाले आहे. जुन्या रोख्यांत आणि बँकांच्या कर्जांत ते बहुधा नसते, तिथेही ते हवे. तिसरे, गुप्ततेचे कलम सही करण्याआधी खोडून टाकावे. कुणाचे किती देणे आहे हेच झाकलेले असेल, तर सगळ्या धनकोंना एका टेबलावर आणायचे तरी कसे?

आपल्याकडे एक मागणी आहे. परदेशी कर्जाची बातमी छापताना रकमेबरोबर चलन, मुदत, मुद्दल एकरकमी की हप्त्यांनी, कोणत्या देशाचा कायदा लागू आणि संकटात सूट देणारे कलम आहे की नाही, हा तपशीलही द्यावा. एका चौकटीत तो सहज मावेल.

— एक वाचक