सौर भाडेपट्ट्याचा हिशेब पहिल्या वर्षावर करू नका

संपादक महोदय,

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये शेतीपंपांना लागणाऱ्या सौर विजेसाठी जमीन 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीला देता येते. त्यात पिकते रान पॅनेलखाली जाते म्हणून शेतकऱ्याला बोल लावले जातात. आधी दर पाहावेत. पट्ट्याचे भाडे वर्षाला हेक्टरी 1,25,000 रुपये किंवा रेडीरेकनरच्या (शासनाने ठरवलेल्या जमीन-किमतीच्या) 6 टक्के, यांत जे जास्त असेल ते. म्हणजे एकरी किमान 50 हजार. अकृषिक परवानगीसाठी खेटेही नाहीत. कोरडवाहू सोयाबीन एकरी 8 क्विंटल पिकले आणि 2025-26 चा 5,328 रुपये हमीभाव मिळाला (मिळाला तर!) तरी हाती येतात 42,624. त्यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा करायची. मग पट्टा करून देणाऱ्याचे काय चुकले?

खोट दराच्या रचनेत आहे. माळरानाला आणि काळ्या कसदार जमिनीला किमान दर एकच. जागा मात्र वीज उपकेंद्राजवळची, सलग आणि सपाट हवी. सपाटीकरणाचा खर्च वाचवायचा म्हणून कंपनी उताराची मुरमाड जमीन टाळते आणि शेजारचे पिकते रान मागते. हलक्या जमिनीला शासनाने जादा दर दिला, तर हे गणित उलटेल.

शेतकऱ्याचाही एक हिशेब राहून जातो. भाडेवाढ दरवर्षी 3 टक्के आहे, पण मूळ दरावर, सरळ, चक्रवाढ नव्हे. तिसाव्या वर्षी हेक्टरी 2,33,750 रुपये होतील. महागाई 5 टक्के धरली, तर आजच्या पैशात ते एकरी जेमतेम 23 हजार. शिवाय हे भाडे शेतीचे उत्पन्न ठरत नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात ते धरावे लागते.

करारापूर्वी सातबाऱ्यावरच्या सर्व सहहिस्सेदारांची संमती घ्यावी. एक बहीण राहिली तरी पुढे दावा उभा राहतो. पीककर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आधी. मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीटचे पाये कोणी, किती दिवसांत काढायचे, कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडे कोण देणार, हे नोंदणीकृत दस्तातच हवे. तोंडी आश्वासन 30 वर्षे टिकत नाही.

आणि ते रान बटईने कसणारा? त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे भाड्यात त्याला एक रुपयाही मिळत नाही.

– एक वाचक, लातूर