बाबांचा खोकला आमच्या गाण्यात आहे

तीर्थरूप बाबा आणि माय,

साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग ते मोठ्या बाबांच्या ओसरीपर्यंत जातं. म्हणून पत्र. माय, सावकाश वाच, मधातच मला फोन नको लावू.

नोकरी सोडली. पोळ्याला आले होते तेव्हाच सांगायचं होतं. बाबा बैलांच्या शिंगांना बेगड लावत होते, तू पुरण वाटत होतीस, अन् माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. उलट दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तान्हा पोळा झाल्यावर नागपूरला परतले आणि राजीनामा टाकला. महिनाअखेरीस ऑफिस संपलं. आता पूर्ण वेळ आमचा रॅपचा बँड.

दादाच्या दुकानासारखं होईल, हे तुमच्या मनात आलंच असेल. म्हणून आधी हिशेब केला. वर्षभराचं खोलीभाडं अन् मेसचे पैसे बाजूला ठेवलेत, आरोग्य विमा स्वतःच्या नावानं काढला, कर्ज एका रुपयाचं नाही. तुमच्या औषधांचे पैसे पाच तारखेला येतात तसेच येतील. माय, तू भरून दिलेल्या गादीवरच झोपते, जमिनीवर नाही. तिखट-मीठ, लोणचं सगळं आहे. शो संपायला रात्र झाली तर आम्ही चौघं एकाच गाडीनं परततो, अन् मला दारापर्यंत सोडल्याशिवाय पोट्टे हलत नाहीत. घरमालकीण काकू माझ्यापेक्षा जास्त जाग्या असतात.

बाबा, तुम्ही एकदा म्हणाले होते, ‘रॅप म्हणजे काय, भांडण तालात करणं.’ तेव्हा मला राग आला होता. खरं तर बरंचसं तसंच आहे. पण सुरुवात कशी झाली ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका पोरीला शाळा सुरू व्हायच्या आधी कपडे घ्यायला पैसे हवे होते. तिनं राहत्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, तिकीट लावलं आणि रेकॉर्ड वाजवायला भावाला बसवलं. त्याला सगळे कूल हर्क म्हणायचे. त्यानं हेरलं होतं की गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, तिथंच लोक जोरात नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन रेकॉर्ड प्लेअरवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. हिप हॉप तिथून निघालं. तुमच्या मंडळात बुवा श्वास घ्यायला थांबायचे आणि तुमची खंजेरी एकटी चालत राहायची, तीच ही जागा. मी या बँडमध्ये तेवढंच काम करते. बोल दोघं म्हणतात, एक तोंडानं ताल धरतो, आणि मी खालचा ठेका बांधते. स्टेजवर मागं उभी असते, दिसतही नाही फारशी. मोठी आई विचारेल तर हे सांगा.

आता दुसरी गोष्ट, जी ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. मुंबईच्या एका कंपनीनं आम्हाला पैसे देऊ केले होते. रक्कम चांगली होती, आपल्या घरावर स्लॅब टाकून झाला असता. आम्ही नाही म्हटलं. कागदात होतं की झालेली आठ आणि पुढची वीस गाणी, त्यांचं रेकॉर्डिंग कायमचं कंपनीचं. २०१२ साली कायदा बदलला, तेव्हापासून लिहिणाऱ्याचा अन् चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला हिस्सा कंपनीला लिहून घेता येत नाही, तो वारसांकडे जातो, आणि आपण गेल्यावर ६० वर्षं चालतो. पण रेकॉर्डिंग विकता येतं. एकदा विकलं की आपल्याच वावरात आपण मजुरीला. ढोल्याकाठचं वावर मागायला तो माणूस आला होता, तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. मी दाराआडून ऐकत होते. मी काही वेगळं केलं का, सांगा.

मिळकत कमीच आहे, ते लपवत नाही. स्पॉटिफायवर कुणी ३० सेकंद ऐकलं तर ते मोजलं जातं, आणि वर्षात १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर २०२४ पासून त्या गाण्याला तिथून पैसाच येत नाही. आमची दोन गाणी अशी कोरडी गेली. जगणं शोवर चालतं. कॉलेजांची गॅदरिंगं, पुण्या-मुंबईचे छोटे हॉल, एकदा बंगळूरू. गंमत म्हणजे तिकडच्या पोट्ट्यांना आपली वऱ्हाडी अर्धी कळत नाही, तरी ‘काहून बे’ म्हटलं की सगळा हॉल ओरडतो.

आता खरं ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

दोन वर्षांमागं पाडव्याच्या संध्याकाळी तुम्ही खंजेरी खाली काढली होती. ती खुंटीवर का गेली ते आपल्या घरात कुणी बोलत नाही, मीही नाही बोलत. चामडं सैल पडलं होतं. तुम्ही ते चुलीसमोर धरून शेकलं, अंगठ्यानं टिचकी मारून पाहिलं, पुन्हा शेकलं. मी लहान असताना तुमच्या मांडीत बसून याच टिचकीवर पाढे म्हणायचे, सतरा साते अडला की तुम्ही झांजा नुसत्या हलवायचे. त्या संध्याकाळी मी मोबाइल ओट्यावर ठेवून चार मिनिटं वाजवणं टिपलं. नव्या गाण्याचा ठेका तोच आहे. माय, घाबरू नको, महाराजांच्या भजनातला एकही शब्द घेतला नाही. नुसता बाबांचा हात आहे.

मधात बाबा एकदा खोकलेत. पोरं म्हणाली काढून टाक. मी नाही काढला. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते, त्यात तो खोकला तुरीच्या दाण्याएवढा आहे. टपकन उठतो, बसतो. हजारदा ऐकलाय मी तो, मला पाठ झालाय.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही लागोपाठ तीनदा खोकले. माझ्या फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड होतं. मी ते याच्या शेजारी लावून पाहिलं. नव्याला शेपूट आहे बाबा. खोकला थांबल्यावरही रेघ बसत नाही, बारीक थरथरत राहते, आणि कानाला शीळ ऐकू येते. तुम्ही म्हणाल वेचणीच्या धुळीचं आहे. वेचणी अजून लागायची आहे.

डॉक्टर मी नाही. पण कानाचंच खाते ना.

तर आता ऐका. येत्या सोमवारी सेवाग्रामला जायचं. सकाळच्या एस्टीनं निघा, मायला अर्धं तिकीट लागते, तिचं ओळखपत्र विसरू नका. छातीच्या डॉक्टरला दाखवायचं, एक्स-रे म्हणाले तर काढायचा, ‘पुढच्या वेळी’ म्हणायचं नाही. फवारणीला यंदा माणूस लावा, पैसे मी पाठवते. रुमाल बांधला म्हणजे मास्क होत नाही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरं बसली ते तुम्ही माझ्याहून जवळून पाहिलंय. आणि खर्रा. अर्धा नाही, चिमूटभर नाही, बंद.

रागावून लिहिलं असं वाटलं तर तसं नाही. रात्री हेडफोन लावून बसलं की त्या चार मिनिटांत मागं चुलीवर भाकर थापल्याचाही आवाज येतो, पापड वाळत घातल्यावर कावळे हाकलायचा मायचा ‘हाऽऽ’ येतो. मग घरी यावंसं वाटतं आणि काम होत नाही.

दिवाळीत मात्र नाही येऊ शकत, पाडव्याला पुण्यात शो आहे. आधीच कबूल केलं होतं. सितादहीच्या पूजेला नक्की येते, पहिला कापूस माझ्याशिवाय तोडू नका. येताना चांगला माइक आणते. खंजेरी कोंदट कपाटात ठेवू नका, चामड्याला बुरशी धरते.

तुमची पोट्टी

ता. क. माय, बाबांना वाचून दाखवशील तेव्हा खर्र्याची ओळ गाळू नको. तू गाळशील, मला माहीत आहे.