हिरवं म्हणजे नेमकं कोणाचं?

महोदय,

उपग्रहावरून पिकांची तब्येत आणि दुष्काळाची चाहूल कशी कळते, यावरचा कालचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे आधीच मान्य करतो. पण ‘हिरवं म्हणजे निरोगी’ हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं आणि तिथे माझं डोकं फिरलं.

याच वाक्याने माझा घात केला आहे. पावसाने ओढ दिली, पीक करपलं, दाणा भरलाच नाही. पाहणीला आलेल्या साहेबांनी बांधावरूनच टॅब पुढे केला : ‘‘तुमचा भाग तर हिरवा दिसतोय.’’ दिसणारच! शेजारच्या पडीक रानात वेडी बाभूळ माजली आहे. तिची मुळं इतकी खोल, की दुष्काळ पडला तरी तिला पत्ता नसतो. टॅबवरच्या उपग्रह-नकाशातला एक चौकोन 250 मीटर बाजूचा, म्हणजे सहा हेक्टरांहून मोठा, आणि सगळ्या चौकोनाला रंग एकच. माझं शेत हेक्टरभर. बाभळीचा हिरवेपणा माझ्या खात्यावर जमा झाला. म्हटलं, साहेब, पुढच्या वर्षी बाभूळच पेरतो.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची जोडी 2017 मध्ये पूर्ण झाली, दर 5 दिवसांनी 10 मीटरचा तपशील मिळतो, हे खरं. पण ढगांपुढे तीही आंधळी. आणि पावसात खंड पडतो तेव्हा पुष्कळदा ढग असतातच, फक्त बरसत नाहीत.

शिवाय हा एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा, झाडाने परतवलेला लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोजतो. पाणी कमी पडलं की झाड आधी पानांची रंध्रं मिटतं, पान तापतं; रंग उतरतो तो मागाहून. मग ही ‘पूर्वसूचना’ कसली? तिच्यासाठी पानांचं तापमान, मातीतली ओल बघावी लागते, आणि यंदाचा हिरवेपणा मागच्या वर्षांतल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा लागतो. याला लेखात दीड ओळ. उपग्रहाच्या छायाचित्राला मात्र पाव पान!

जाता जाता एक. लाल म्हणजे दुष्काळ, हिरवं म्हणजे सुस्थिती, अशी तळटीप असलेला नकाशा आपण कृष्णधवल छापलात. आमच्या घरात तिघांनी तो पाहिला आणि दुष्काळ म्हणून तिघांनी तीन वेगळ्या जागी बोट ठेवलं.

आपला,
एक नियमित वाचक