स्वसंरक्षणाच्या शिबिरात काठीला जागा हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा-महाविद्यालयांत मुलींसाठी होणाऱ्या स्वसंरक्षण शिबिरांच्या बातम्यांबरोबर एक छायाचित्र हमखास छापून येते. प्रशिक्षकाने चाकू उगारलेला असतो आणि विद्यार्थिनीने त्याचे मनगट पकडून तो वरच्यावर रोखलेला असतो. सोलापुरात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून माझी नोकरी झाली आणि तालमीत लाठी-काठी शिकून पुढे ती मुलींना शिकवलीही. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की, अशा प्रात्यक्षिकातून मिळणारा आत्मविश्वास धोक्याचा आहे. शस्त्राचे शिक्षण शिबिराच्या शेवटच्या दिवशी टाळ्यांसाठी न ठेवता ते पहिल्या आठवड्यापासून, काठीपासून, सुरू झाले पाहिजे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. लाकडी पट्टीच्या कडेला रंगीत खडू चांगला घासावा आणि ती एका मुलीच्या हाती चाकूसारखी द्यावी. दुसरीने गडद रंगाचा सदरा घालून शिबिरात शिकलेला मनगट धरण्याचा डाव करावा. अट एकच, पट्टी धरणाऱ्या मुलीने प्रात्यक्षिकातल्याप्रमाणे हात पुढे करून थांबायचे नाही. हात झटकन मागे घ्यायचा आणि पुन्हा मारायचा, मोकळ्या हाताने समोरचीला ढकलायचेही. पाच-सात सेकंदांत थांबवून सदरा पाहिला तर हाताच्या आतल्या बाजूला, पोटावर आणि बहुधा मानेपाशीही खडूच्या रेघा दिसतात. डाव चांगला येणाऱ्या मुलींच्या सदऱ्यावरही त्या दिसतात. रिकाम्या हाताने चाकू अडवणे हा अगदी अखेरचा, दुसरा मार्गच उरला नसतानाचा उपाय आहे, हे त्या रेघा पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

शस्त्राच्या सरावातून पहिली समज येते ती अंतराची. अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली दाखवून दिले की, चाकू घेऊन धावणारा सामान्य माणूस सुमारे २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो. ते पिस्तूल बाळगणाऱ्या पोलिसांसाठी लिहीत होते, परंतु मोकळ्या हाताने उभ्या असलेल्या मुलीला ही गोष्ट अधिकच लागू पडते. एखाद्या वर्गखोलीच्या लांबीएवढे अंतर असतानाच वळून पळायचे, ओरडायचे किंवा मध्ये एखादा बाक ओढायचा, हा निर्णय झालेला असावा लागतो. काठी घेऊन समोरासमोर उभे राहिलेल्या मुलीला हे अंतर डोळ्यांनी कळू लागते. समोरचा एक पाऊल सरकला की आपण मारटप्प्यात आलो, हे तिला मोजावे लागत नाही. केवळ ठोसे आणि लाथांच्या सरावात ही नजर तयार होत नाही, कारण तिथला मारटप्पा हातापायाच्या लांबीपुरताच असतो.

निरनिराळ्या परंपरांनी शस्त्राला कोणती जागा दिली हेही पाहण्यासारखे आहे. केरळच्या कळरीपयट्टूत आधी शरीर घडवणारी मेय्तारी, मग काठीची कोल्तारी, त्यानंतर धातूच्या शस्त्रांची अंकत्तारी आणि सर्वांत शेवटी रिकाम्या हाताची वेरुंकै असा क्रम आहे. फिलिपिन्सच्या अर्निसमध्ये, ज्याला त्या देशाने २००९ साली कायद्याने राष्ट्रीय खेळ ठरवले, विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी वेताची छडी दिली जाते आणि तिच्याच वाटांवरून पुढे मोकळा हात चालवायला शिकवतात. ज्युदोची वाट उलट, मोकळ्या हाताकडून शस्त्राकडे जाणारी. तरीही १९५६ साली ज्युदोची मूळ संस्था असलेल्या जपानच्या कोदोकानने स्वसंरक्षणासाठी जो २१ डावांचा संच ठरवला, त्यातले ९ डाव चाकू, काठी आणि पिस्तूल यांच्याविरुद्धचे आहेत. क्रम काहीही असो, शस्त्र वगळून स्वसंरक्षण पुरे होते असे यांपैकी कोणीही मानले नाही.

आपल्याकडे तर हे सारे घरचेच आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र सोलापुरात शिवजयंतीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकांत लेझमीच्या जोडीने जी काठी आणि जो पट्टा दिसतो, तो बहुतेक करून फिरवण्याचा असतो. त्यात मनगट, खांदा आणि दम तयार होतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण समोर वार करणारा कोणी नसतो. त्यासाठी जुन्या वस्तादांनी फरी-गदगा ठेवला होता. कातडे मढवलेली काठी एका हातात, छोटी ढाल दुसऱ्या हातात, आणि समोर तसाच सज्ज जोडीदार. शीर, तमाचा, बाहेरा असे वार खरोखर येत आणि खरोखर अडवावे लागत. मिरवणुकीत पाहण्यासारखे त्यात फारसे काही नसल्यामुळे हाच भाग मागे पडला, आणि स्वसंरक्षणाच्या दृष्टीने नेमका तोच सर्वांत कामाचा आहे.

मुलींनी दप्तरात सुरा ठेवावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तो काढायला वेळ मिळत नाही, आणि काढला तरी हिसकावला जाऊन आपल्यावरच उलटण्याची भीती असते. कायद्याची बाजूही पालकांनी समजून घेतली पाहिजे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम ३७ खाली जे मनाई आदेश निघतात, त्यांत तलवारी-सुऱ्यांबरोबर काठ्या-लाठ्याही येतात. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ प्रत्येकाला खासगी बचावाचा हक्क देतात, परंतु बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत. नडगीवर मारलेली काठी आणि डोक्यात घातलेली काठी यांतला फरक हातात काठी घेऊन सराव केलेल्या मुलीलाच ऐनवेळी पाळता येईल.

मग या सरावाचा उपयोग रस्त्यावर कसा व्हायचा? केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, आणि त्यात किल्ल्यांचा जुडगा, ओढणी, पिशवी, पेन, वही अशा रोजच्या वस्तू बचावासाठी वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. काठीचे चार वार आणि चार अडव अंगात मुरले की छत्री त्याच वाटेने चालते. आपल्या सोलापूरचा जाड टॉवेल डाव्या हाताला दोन-तीन वेढे देऊन गुंडाळला तर चाकूच्या ओरखड्यापासून हात बराच वाचतो, आणि त्याचे मोकळे टोक समोरच्याच्या डोळ्यांवर झटकले तर पळायला क्षणभराची उसंत मिळते. असे प्रकार नुसते तोंडी सांगून येत नाहीत, जोडीदाराबरोबर घोटावे लागतात.

हे तीन दिवसांच्या शिबिरात होणार नाही. उपरोक्त योजना तीन महिन्यांची आहे आणि तेवढा अवधी पायाभरणीला पुरतो. मुख्याध्यापकांनी प्रशिक्षक नेमताना त्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) रंगाबरोबर एवढे विचारावे की, मुलींना अंग न चोरणारा जोडीदार देऊन सराव घेणार की केवळ ठरवून दिलेले डाव बसवणार. साहित्याला खर्च फार नाही. प्लॅस्टिकच्या नळीवर फोम गुंडाळला की कोणाला न दुखावता पुऱ्या जोराने मारता येईल अशी काठी तयार होते. धातूचे काहीही शाळेत आणू नये. शहरातील ज्या तालमींत फरी-गदगा जाणणारे वस्ताद आजही आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी आखाडा मुलींसाठी राखून ठेवावा आणि शाळांनी होऊन त्यांच्याकडे जावे, अशी माझी दोघांनाही कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, सोलापूर