कालवड ओरडली नाही

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

काय बे, पुण्याला गेलास आणि फोन उचलायचा विसरलास! म्हणून कागदच धाडतोय, हा तरी कट करता येणार नाही.

परवा गल्लीतल्या पोरांना कुन्कुश मांजराची गोष्ट सांगितली. २०१५ साली इराकमधल्या मोसुलहून एक आई पाच लेकरं घेऊन निघाली, सोबत टोपलीत लपवलेलं पांढरं मांजर. तुर्कस्तानातून होडीनं ग्रीसच्या लेस्बोस बेटावर उतरले आणि तिथल्या गडबडीत मांजर टोपलीतून पसार! शोधशोध शोधलं, शेवटी रडत पुढं गेले. मांजर मागाहून लोकांना सापडलं. त्यांनी इंटरनेटवर फोटो टाकून माणसं हुडकली, आणि २०१६च्या फेब्रुवारीत ते पार नॉर्वेत आपल्या घरच्यांच्या मांडीवर.

मला वाटलं, पोरं युद्धाचं विचारतील. तर एक बारकं म्हणतं, "टोपलीत मांजर ओरडलं कसं नाही?" मी गप्प. उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली आजी म्हणाली, "मांजराचं मला काय म्हाईत. आमची कालवड न्हाई ओरडली."

इतक्या वर्षांत ही कालवड मी पहिल्यांदा ऐकली, बंड्या! १९४८चा उन्हाळा. तुळजापूरकडचं त्यांचं गाव निजामाच्या राज्यात, रझाकारांचा धुमाकूळ. सोलापूर मुंबई इलाख्यात, म्हणजे हद्द ओलांडली की सुटलो. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. आजी नऊ वर्षांची. तिच्या आईनं कालवडीच्या गळ्यातल्या घंटेत लुगड्याची चिंधी कोंबली आणि जरा हंबरायला मान उचलली की तोंडात गुळाचा खडा. "आमाला एक खडा दिला न्हाई," आजी अजून फणकारते. शहाऐंशी वर्षांची बाई, राग रझाकारांवर कमी, गुळावर जास्त!

सोलापुरात आल्यावर कालवड विकली, ज्वारी घेतली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, भारताच्या फौजेनं निजामाची राजवट संपवली, तशी मंडळी गावी परतली, तिच्याविना. पोरांना हा शेवट अजून सांगितलेला नाही. पण बदलणारही नाही.

या गोष्टीची चित्रं तू काढायची. बंदुका, घोडे काही नको. अंधार, घंटा आणि चिंधी एवढंच. लुगडं कसल्या रंगाचं, विचारलं तर म्हणाली, "अंधारात रंग कुटला दिसतोय?"

घंटा माळ्यावर सापडली. पितळेची, लिंबाएवढी. शेंगाचटणीच्या डब्यात घालून पाठवतोय. चटणी संपव, घंटा मात्र परत आण. आजीनं दोनदा बजावलंय.

तुझा,
सुन्या