सोमवारचे कार्यविवरण

मा. संपादक,

शासकीय कार्यालयांतील कामचुकार कर्मचाऱ्यांना घरी पाठवावे, अशी मागणी वाचकपत्रांतून वरचेवर होत असते. नियमात तशी तरतूद आहेच; वयाच्या 50 किंवा 55 व्या वर्षी, अथवा 30 वर्षांच्या सेवेनंतर पुनर्विलोकन करून अपात्र ठरलेल्यास मुदतपूर्व निवृत्त करता येते. परंतु पंचविशीत नोकरीस लागलेल्या माणसाचे काम का अडते, याची चौकशी त्याच्या पन्नाशीत व्हावी, हे मला पटत नाही.

मी महसूल खात्यात अव्वल कारकून असताना अनुकंपा तत्त्वावर लागलेला एक तरुण लिपिक माझ्या हाताखाली आला. त्याची शिल्लक, म्हणजे निकाली न निघालेली प्रकरणे, महिनोन्‌महिने वाढत गेली; त्याला खुलासा मागणारी दोन ज्ञापने निघाली, त्याने दोन्हींचे खुलासे दिले आणि काम होते तिथेच राहिले. एका संध्याकाळी त्याचे कपाट उघडले, तेव्हा सगळे कागद एकाच फडक्यात बांधलेले होते आणि बहुतेक टिपण्या ‘सविनय सादर करण्यात येते की’ या शब्दांपाशी थांबलेल्या होत्या. पुढे काय प्रस्तावित करायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कागद त्यांच्या स्थितीप्रमाणे वेगवेगळे लावून ठेवण्याची सहा गठ्ठ्यांची पद्धत तर त्याने ऐकलीही नव्हती.

त्यानंतर दर सोमवारी अर्धा तास मी त्याचे कार्यविवरण, म्हणजे आलेल्या व निकाली काढलेल्या कागदांची नोंदवही, घेऊन त्याच्याजवळ बसू लागलो. शिल्लक किती, त्यांपैकी प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली, कोणती, आज निकाली निघेल असे प्रकरण कोणते, एवढेच पाहायचे आणि तशाच विषयाची एखादी जुनी मंजूर नस्ती (फाइल) त्याला वाचायला द्यायची. दिवाळीपर्यंत शिल्लक आटोक्यात आली. (अक्षर मात्र त्याचे शेवटपर्यंत सुधारले नाही.)

कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या गोपनीय अहवालाने हे साधत नाही, कारण तो 31 मार्चला वर्ष संपल्यावर लिहिला जातो. अहवालातील प्रत्येक नोंद, ती प्रतिकूल नसली तरी, संबंधितास कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात 2008 साली सांगितले. तरीही वाद नको म्हणून सरसकट बरी प्रतवारी देणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यात कर्मचाऱ्याचे भले होते असे मला वाटत नाही.

काम करायचेच नाही असे ठरवून आलेली माणसेही असतात, हे मी नाकारीत नाही. पण तीही चार-सहा सोमवारांत ओळखू येतात, आणि पुढे कारवाई करायची झाल्यास तारखांसह लेखी नोंद हाताशी राहते.

कार्यविवरणाचा साप्ताहिक गोषवारा वरिष्ठांपुढे ठेवण्याची रीत आजही आहे. बहुतेक ठिकाणी त्यावर न वाचताच स्वाक्षरी होते. हाताखालच्या किती जणांबरोबर बसून तो गोषवारा तपासला, याची नोंद वरिष्ठाच्या स्वतःच्या मूल्यमापन अहवालात घेतली जावी, अशी शासनास विनंती आहे.

— एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, सातारा